सळईपर्यंतचे अडीच सेंटिमीटर



 अध्यक्षानं व्यवसायाच्या सगळ्या अंगांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे: काँक्रीटच्या कमानी पुलांना लागणारा गंज.

कमानीवर आपला फार विश्वास असतो. कमान दाबात काम करते, दाब सोसायला काँक्रीट समर्थ आहे, मग सळई थोडी गंजली म्हणून काय बिघडलं, असं अनुभवी मंडळीसुद्धा म्हणतात. मला हा समज घातक वाटतो. वाहनांचा भार अर्ध्याच गाळ्यावर आला, तापमान बदललं, पाये किंचित सरकले, की कमानीत बाक येतो आणि तो पेलायला सळईच लागते. शिवाय दाबातली सळई जागेवर धरून ठेवतात त्या रिंगा. रिंग पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत बारीक. ८ मिलिमीटरची रिंग चहूबाजूंनी एकेक मिलिमीटर खाल्ली गेली, तर तिचं ४४ टक्के क्षेत्रफळ जातं. तेवढ्याच गंजानं ३२ मिलिमीटरच्या सळईचं जातं जेमतेम १२ टक्के. मुख्य सळई दिसायला धडधाकट, पण तिला आवळणारं काही उरलेलं नाही. सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, सुटलं की अशी सळई दाबाखाली बाहेर फुगते आणि तिथला भार आतल्या काँक्रीटवर जातो. कमान पेटीच्या आकाराची असली आणि तिची भिंत समजा १५० मिलिमीटरची असली, तर दोन्ही बाजूंचं २५-२५ मिलिमीटर कव्हर निखळलं की एक तृतीयांश भिंत गेली. हे एकाच बाजूला झालं तर दाबाची रेषाही मध्यापासून ढळते.

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर हा धडा फार महागात शिकावा लागला. तिथला क्र्क पूल १९८० साली पुरा झाला. मुख्य भूमी आणि क्र्क बेट यांच्या मध्ये सेंट मार्को नावाचं छोटं बेट आहे. एक कमान त्यावर येते, दुसरी तिथून पुढे जाते. मोठ्या कमानीचा गाळा ३९० मीटर. १९९७ मध्ये चीनमधल्या वानश्यान पुलानं ४२० मीटर गाठेपर्यंत काँक्रीटच्या कमानीचा हाच जागतिक उच्चांक होता. खालून सेंटरिंग न लावता, दोन्ही काठांवरून कमान अधांतरी पुढे नेत मधोमध जुळवायची, ही पद्धत इलिया स्टोयाडिनोविच यांनी आधी शिबेनिकच्या २४६ मीटरच्या आणि पागच्या १९३ मीटरच्या कमानीवर पक्की केली होती. या कामांबद्दल मला नितांत आदर आहे. पण अधांतरी बांधायचं म्हणजे वजन कमी हवं, म्हणून भिंती पातळ, आणि क्र्कच्या सळईवरचं कव्हर सुमारे अडीच सेंटिमीटर.

त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात डोंगरांवरून बुरा नावाचा सोसाट्याचा थंड वारा उतरतो. तो समुद्राचं पाणी धुरासारखं उडवतो आणि खारे तुषार कमानीच्या माथ्यापर्यंत पोहोचवतो. भरतीच्या रेषेपासून उंच असलेला भाग सुरक्षित, हे गृहीतक तिथे टिकलं नाही. १९६८ चा पाग पूल पंचविशीही गाठण्याआधी दुरुस्तीला आला. पुढे त्याच्या खांबांना पोलादी कवच घालावं लागलं आणि वरचा काँक्रीटचा डेक उतरवून पोलादी बसवावा लागला. हा पूल दुरुस्तीला आला त्याच सुमारास, १९९१ मध्ये, क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात मुख्य भूमीवरच्या रस्त्यावरचा मास्लेनित्साचा पूल उडवला गेला आणि उत्तर-दक्षिण वाहतूक पाग बेटावरून, म्हणजे याच जर्जर पुलावरून, न्यावी लागली. जो पूल गंजलेला म्हणून आपण पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ढकलतो, त्याच्यावरच एखाद्या दिवशी सगळा मुलूख अवलंबून असू शकतो.

अडीच सेंटिमीटरचा अर्थ तरुण मित्रांनी नीट समजून घ्यावा. नव्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर असतो आणि त्यात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत हा पीएच उतरवतो, तर खाऱ्या तुषारांतलं क्लोराइड पीएच उतरण्याची वाट न पाहताच थर फोडतं. दोघांचाही प्रवास खोलीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वेळ घेतो. म्हणून कव्हर निम्मं केलं की संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, चतुर्थांशावर येतो. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात समुद्राचे तुषार झेलणाऱ्या काँक्रीटला ५० मिलिमीटर आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे ते यासाठी. आणि साइटवर काय होतं? कव्हर ब्लॉक संपले की सळईखाली खडीचा तुकडा सरकवला जातो. व्हायब्रेटर लागला की तो निसटतो. शटरिंग काढल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि बिल निघतं.

तपासणीतही एक फसगत होते. कव्हरचा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. काँक्रीट गुलाबी झालं की सगळे सुस्कारा सोडतात. पण गुलाबी रंग फक्त कार्बन डायऑक्साइड तिथवर पोहोचलेला नाही एवढंच सांगतो. क्लोराइडबद्दल तो काहीही सांगत नाही. गडद गुलाबी काँक्रीटमधल्या सळईला खोल खड्डे पडलेले असू शकतात. क्लोराइडच्या गंजात बाहेर तडा किंवा तांबूस ओघळ दिसण्याआधीच सळई जागोजागी पोखरलेली असते. क्लोराइड शोधायचं तर वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून निघालेली भुकटी प्रयोगशाळेत तपासावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, धुळीचं आहे आणि कमानीखाली पोहोचायला पाळणा नसेल तर अशक्य आहे. खांब कमानीच्या पाठीवर जिथे टेकतो, तिथे पाणी साठतं, एक्स्पान्शन जॉइंटचा पाझरही तिथेच उतरतो, आणि नेमकी तीच जागा रस्त्यावरून दिसत नाही.

हे सगळं परमुलखाचं म्हणून सोडून देता येणार नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली बांधला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. तो कमानीचा नव्हता, प्रीस्ट्रेस्ड होता, पण खारी हवा आणि आतलं गंजणारं पोलाद यांचं नातं तेच. सोळा वर्षं हे पुलाचं वय नव्हे. त्या घटनेनंतर वाढलेली आपली पिढी आज वरिष्ठ पदांवर आहे, आणि तरीही डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या खाड्यांवर नवा पूल उभारायला पैसा सहज मिळतो, जुन्या पुलाच्या भुकटीच्या चाचणीला मात्र मिनतवाऱ्या कराव्या लागतात. याचा मला मनस्वी राग येतो. क्रोएशियानं मास्लेनित्साची नवी २०० मीटरची कमान १९९७ मध्ये बांधली ती जाड कव्हर आणि दणकट अवयव घेऊन. तिथल्या अभियंत्यांनी आपल्याच गौरवशाली पुलांचे दोष उघडपणे छापले, म्हणून हे शक्य झालं. आपल्याकडचे तपासणी अहवाल फायलीत बंद असतात.

म्हणून उद्याच्या समारोप सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पूल ताब्यात घेताना कव्हर मीटरची मोजमापं नकाशावर नोंदलेली असावीत आणि ती नसतील तर अंतिम बिल निघू नये. खाऱ्या हवेतल्या प्रत्येक पुलावर कायमच्या जागा आखून ठरावीक वर्षांनी त्याच जागी क्लोराइड मोजावं. कमानीच्या पाठीपर्यंत जाण्याची वाट आराखड्यातच असावी. आणि हे आकडे कोणाही अभियंत्याला पाहता यावेत. शेवटच्या कलमाला विरोध होईल याची मला कल्पना आहे. त्यावरच मोकळी चर्चा व्हावी. मसुद्याच्या प्रती सभागृहाबाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुरुस्त्या आज रात्रीपर्यंत चिटणिसांकडे लेखी द्याव्यात.