सड्यावरच्या रेषा आणि जगाची कसोटी : स्वागताध्यक्षीय भाषण



 वारसास्थळांच्या जतनावर विचार करण्यासाठी रत्नागिरीत भरलेल्या या परिषदेचे यजमानपद ज्या जिल्ह्याकडे आले आहे, तो आज जागतिक वारशाच्या उंबरठ्याच्या आतही आहे आणि बाहेरही आहे. हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या मालिकेतून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतल्या सड्यांवरची (कातळी पठारांवरची) कातळशिल्पे मात्र २०२२ पासून भारताच्या संभाव्य यादीत, म्हणजे ज्या स्थळांचे नामांकन पुढेमागे करण्याचा मानस देशाने कळवून ठेवला आहे त्यांच्या यादीत, वाट पाहत आहेत. आतल्याला कोणत्या कसोटीवर आत घेतले गेले आणि बाहेरच्याला कोणती कसोटी द्यावी लागणार आहे, हाच या परिषदेपुढचा मुख्य प्रश्न असावा, असे स्वागत समितीला वाटते.

एका देशातल्या वास्तूची काळजी साऱ्या जगाने वाहावी, ही कल्पना फार जुनी नाही. आस्वानच्या धरणाच्या पाण्याखाली नूबियातली मंदिरे जाणार हे स्पष्ट झाल्यावर युनेस्कोने १९६० मध्ये जगाला साद घातली, अनेक देशांनी पैसा आणि तंत्रज्ञ पाठवले आणि अबू सिंबेलची मंदिरे चिरा-चिरा सुटा करून उंचावर नेऊन पुन्हा उभी करण्यात आली. या अनुभवाने बळ दिलेला विचार १९७२ च्या जागतिक वारसा करारात बांधला गेला आणि भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला. या करारामुळे स्थळाची मालकी युनेस्कोकडे जात नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण गावोगावी हाच गैरसमज भीतीचे कारण होतो. स्थळ त्या देशाचेच राहते, त्याच देशाचे कायदे त्याला लागू होतात. फरक इतकाच, की ते सांभाळण्याचे वचन तो देश इतर सर्व देशांना देतो आणि ते पाळले जाते की नाही याचा हिशेब ठरावीक काळाने मांडतो.

यादीत येण्यासाठी स्थळाचे ‘असाधारण वैश्विक मूल्य’ सिद्ध व्हावे लागते. म्हणजे त्याचे महत्त्व राष्ट्राच्या सीमा ओलांडणारे आणि आजच्या तसेच पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने समान असावे लागते. त्यासाठी दहा निकष आहेत. त्यांतले पहिले सहा सांस्कृतिक आणि उरलेले चार नैसर्गिक असून त्यांपैकी एक जरी पूर्ण झाला तरी चालते. मानवी सर्जनशीलतेची सर्वोच्च कृती हा पहिला निकष घारापुरीच्या लेण्यांना लागू झाला. वास्तुकला किंवा नगररचनेतून दिसणारी मूल्यांची देवाणघेवाण हा दुसरा, आणि इतिहासातला एखादा महत्त्वाचा टप्पा दाखवणारा वास्तुप्रकार किंवा भूप्रदेश हा चौथा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये या दोन्हींवर उतरले. हयात असलेल्या किंवा लुप्त झालेल्या संस्कृतीची अनन्य साक्ष हा तिसरा निकष अजिंठ्याला आणि वेरुळला मिळालेल्या निकषांपैकी आहे. पारंपरिक वस्ती आणि भूमीचा वापर यांच्याशी संबंधित पाचव्याचा येथे केवळ उल्लेख पुरे.

सहाव्यापाशी मात्र थांबायला हवे, कारण मराठी मनाला तो सर्वांत जवळचा वाटेल. जागतिक महत्त्वाच्या घटना, जिवंत परंपरा, कल्पना किंवा श्रद्धा यांच्याशी स्थळाचा प्रत्यक्ष संबंध असणे, असा त्याचा आशय आहे. आउशवित्झची छळछावणी १९७९ मध्ये एकट्या याच निकषावर यादीत आली आणि त्यानंतर लगेचच जाणकारांच्या लक्षात आले, की स्मृतीच्या जोरावरच दार उघडत गेले तर प्रत्येक राष्ट्र आपापली रणांगणे आणि स्मारके घेऊन रांगेत उभे राहील. म्हणून हा निकष शक्यतो दुसऱ्या एखाद्या निकषाच्या जोडीनेच वापरावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. मराठ्यांच्या किल्ल्यांसाठी ज्या निकषांचा आधार घेण्यात आला त्यांत चौथा आणि सहावा दोन्ही होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी जी भक्ती महाराष्ट्राच्या मनात आहे ती खरी आणि अमूल्य आहे. परंतु ज्याने त्यांचे नावही ऐकलेले नाही अशा परदेशी तज्ज्ञापुढे तिच्याबरोबर दगडाची साक्षही ठेवावी लागते. साल्हेरच्या उंचीपासून खांदेरीच्या बेटापर्यंत आणि प्रतापगडाच्या दाट रानापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत, डोंगर, पठार, किनारा आणि समुद्र यांचा संरक्षणासाठी एकाच दृष्टीने केलेला उपयोग ही ती साक्ष होय, आणि बारा किल्ले एकेकटे न मांडता मालिका म्हणून मांडण्याचे कारणही तेच.

निकष सांगणे त्यामानाने सोपे असते. खरी परीक्षा तौलनिक अभ्यासात होते. प्रस्तावित स्थळासारखी जगात दुसरी कोणती स्थळे आहेत, त्यांतली कोणती आधीच यादीत आहेत आणि या स्थळाने त्यांत कोणती भर पडते, याचे सविस्तर उत्तर नामांकनात द्यावे लागते. सांस्कृतिक स्थळांचे नामांकन आयकोमॉस ही स्मारके आणि स्थळांविषयीची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञपरिषद तपासते. तिचे तज्ज्ञ प्रत्यक्ष स्थळी येतात, कागदपत्रे पडताळतात आणि स्थळ यादीत घ्यावे, अधिक माहितीसाठी परत पाठवावे, मूळ मांडणीच पुन्हा करण्यासाठी पुढे ढकलावे किंवा नाकारावे, अशी शिफारस करतात. अंतिम निर्णय एकवीस देशांच्या समितीचा असतो आणि तज्ज्ञांची शिफारस तिच्यावर बंधनकारक नसते. अलीकडच्या वर्षांत समितीने तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवण्याचे प्रसंग वाढले आहेत. ज्या देशाचे स्थळ त्यामुळे आत येते त्याला आनंद होणे स्वाभाविक आहे, तरीही अशा प्रत्येक प्रसंगी यादीचे वजन थोडे कमी होते, हे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

निकषाइतकेच महत्त्व अस्सलपणाला आणि अखंडत्वाला आहे. स्थळ आपल्या मूल्याविषयी जे सांगते ते त्याचे साहित्य, रचना, उपयोग आणि परिसर यांतून खरेपणाने व्यक्त होणे म्हणजे अस्सलपणा, आणि ते मूल्य पेलणारे सारे घटक पुरेशा प्रमाणात शाबूत असणे म्हणजे अखंडत्व. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलेले वॉर्साचे जुने शहर १९८० मध्ये यादीत आले ते अपवाद म्हणून, कारण तेथे पुनर्बांधणी हीच इतिहासाची घटना झाली होती. लाकडी मंदिरांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेल्या जपानमध्ये १९९४ साली तयार झालेल्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पारखावा, हे मान्य करून घेतले. या उदारतेचा आधार घेऊन गडावरच्या ढासळलेल्या तटाला सिमेंट थापण्याचे समर्थन मात्र कोणी करू नये. चुन्यात बांधलेल्या भिंतीत सिमेंट ओलावा कोंडून ठेवते, दगडाची धूप वाढवते आणि अभ्यासकाला जुने-नवे वेगळे करणे अशक्य करून टाकते. शेकडो वर्षे उन्हापावसात टिकलेला तट अशा एका ‘दुरुस्ती’ने मुका होतो, याचे दुःख गडकोटांवर फिरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

यादीत नाव आले म्हणजे ते कायमचे आले, असेही नाही. आनेगुंदीजवळ तुंगभद्रेवर बांधल्या जात असलेल्या पुलामुळे हंपी १९९९ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली आणि २००६ मध्येच तेथून बाहेर आली. एल्बे नदीवरच्या पुलाचा हट्ट न सोडल्यामुळे ड्रेस्डेनच्या खोऱ्याचे नाव २००९ मध्ये यादीतून काढण्यात आले. सुवर्णदुर्गाच्या आसपास जेटी, रस्ता किंवा पर्यटकनिवास उभारण्याचा विचार करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे समोर ठेवावीत.

आता या जिल्ह्याच्या अगदी स्वतःच्या प्रश्नाकडे वळणे उचित होईल. कोकणच्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या या आकृतींची नऊ ठिकाणे संभाव्य यादीत आहेत. त्यांत कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले आणि एक ठिकाण गोव्यातले आहे. कशेळीच्या सड्यावर एका अवाढव्य हत्तीच्या रेषेच्या आत कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही या कातळांवर दिसतो. कोरणारे कोण होते याविषयी ग्रंथ, शिलालेख किंवा अखंड परंपरा काहीही बोलत नाही आणि त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. किल्ल्यांच्या बाजूने इतिहास, बखरी आणि लोकस्मृती उभ्या होत्या. येथे केवळ कातळ आहे. त्यामुळे या शिल्पांना सहाव्या निकषाचा आधार जवळजवळ मिळणार नाही आणि सारा भार लुप्त संस्कृतीच्या साक्षीवर, म्हणजे तिसऱ्या निकषावर, पडेल. तुलनेला पेरूतल्या नाझ्काच्या रेषा, नामिबियातले ट्वायफेलफाँटेन आणि मध्य प्रदेशातले भीमबेटका समोर असतील. त्यांच्यापेक्षा निराळे असे कोकणात काय आहे, हे ठरवायला प्रत्येक आकृतीचे मोजमाप, कोरण्याच्या तंत्राचा अभ्यास, जवळपासच्या दगडी हत्यारांचा शोध आणि कालमापन यांवाचून दुसरा मार्ग नाही. निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सडे पायाखाली घालून केलेल्या शोधामुळेच हा प्रश्न विचारण्याजोगा झाला, याची नोंद ही परिषद कृतज्ञतेने घेते.

अखंडत्वाची बाजू यापेक्षाही नाजूक आहे. ज्या जांभ्यावर शिल्पे आहेत त्याच जांभ्याचे चिरे घरे बांधायला लागतात, म्हणून चिरेखाण आणि शिल्प एकाच सड्यावर शेजारी येतात. सडा बहुधा खाजगी मालकीचा असतो आणि त्यावर गुरे चरतात, भातही पिकते. बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून २०२३ मध्ये जो संघर्ष झाला तो सर्वांच्या स्मरणात आहे. पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या खोऱ्यात धरणाचे काम चालू असताना अश्मयुगीन कोरीव चित्रे उजेडात आली, मोठ्या लोकचळवळीनंतर तेथील सरकारने ते काम थांबवले आणि १९९८ मध्ये ते खोरे जागतिक वारसा झाले. कोकणाचा निर्णय कोकणाच्या परिस्थितीतच व्हायचा आहे, परंतु एकदा फुटलेला कातळ कोणत्याही निधीने परत जोडता येत नाही, हे लक्षात घेऊनच तो व्हावा, आणि जमिनीच्या मालकाला जतनाचा मोबदला मिळावा, अशी या समितीची आग्रहाची भूमिका आहे.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींना उक्षी आणि कशेळी येथे नेण्याची व्यवस्था करण्यात आली आहे. तेथे शिल्पावर कोणीही पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी रेषांत खडू, रांगोळी किंवा पाणी भरू नये आणि सड्यावरचा सैल दगड जागचा हलवू नये, अशी नम्र सूचना आहे. दोन्ही ठिकाणी ग्रामस्थांशी चर्चेसाठी वेळ राखून ठेवला असून जमीन, चराई आणि चिरेखाणी यांविषयीचे त्यांचे म्हणणे परिषदेच्या ठरावांच्या मसुद्यात जसेच्या तसे नोंदवले जाईल.