मागून ढकलणारे इंजिन
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी बजावलंय, "काका, पाच मिनिटं बोला, पण हिशेबावर नको." म्हणून आज रेल्वेवर बोलतो.

माझी ३५ वर्षं बँकेत गेली. पण 'बँकर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कर्जत स्टेशनवर. लहानपणी पुण्याला जाताना आम्ही वड्यासाठी खिडकीशी झोंबत असू, तेवढ्यात मागून हलकासा धक्का बसे. वडील म्हणत, "बँकर लागला." बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. एकट्या पुढच्या इंजिनाचं ते काम नव्हे, म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावतात. आपल्याकडे त्यांना बँकर म्हणतात, अमेरिकेत हेल्पर.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे पिट्सबर्गला गेलो होतो. त्याने आल्टूना गावाजवळचा हॉर्सशू कर्व्ह दाखवायला नेलं. अ‍ॅलेगेनी डोंगर चढण्यासाठी पेनसिल्व्हेनिया रेलरोडने बांधलेलं हे घोड्याच्या नालेसारखं वळण १८५४ साली सुरू झालं. आमच्यासमोर एक मालगाडी आली. डबे मोजता मोजता नातू कंटाळला. आणि अगदी शेवटी दोन इंजिनं, जीव तोडून ढकलणारी! मला एकदम कर्जत आठवलं.

मागूनच का? सगळी ओढ पुढून लावली, तर पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर सगळा ताण येतो आणि ते तुटू शकतं. मागून जोर मिळाला की ताण वाटला जातो. रेडिओ नव्हता तेव्हा पुढचा ड्रायव्हर शिट्टी देई, मागचा शिट्टीनेच उत्तर देई आणि मग दोघं मिळून जोर लावत.

आता थोडा ताळेबंद, सेक्रेटरींची माफी मागून. पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. १९६८ मध्ये तिचं आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रलशी विलीनीकरण झालं आणि १९७० मध्ये ही नवी पेन सेंट्रल दिवाळखोरीत गेली. १९७६ मध्ये कॉनरेल आली. १९९९ मध्ये तिचीही वाटणी होऊन हा मार्ग नॉरफोक सदर्नकडे गेला. पाट्या बदलल्या, चढ तोच राहिला आणि मागचं इंजिनही राहिलं.

युटा राज्यात तर 'हेल्पर' नावाचं गावच आहे. सोल्जर समिटच्या घाटासाठी तिथे ही इंजिनं जोडत. ती रेल्वे डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न. कंपनी इतरांत विलीन झाली, गावाचं नाव मात्र टिकलं.

आपला चढही आठवा. पहिली दोन वर्षं बिल्डर कागदपत्रं देत नव्हता, पाणी टँकरचं. फोटोत आम्ही पाच जण दिसतो. पण रात्री दोनला टँकर आला की पाइप धरायला उठणारे, दर रविवारी घरोघर वर्गणी मागत फिरणाऱ्या भगिनी, यांची नावं इतिवृत्तात नाहीत. ती आपली हेल्पर इंजिनं. आज त्यांच्यासाठी टाळ्या वाजवूया.

आता मुद्द्याचं. नव्या कमिटीत खजिनदार व्हायला कुणीच तयार नाही. मी १७ वर्षं ते काम पाहतोय, वय ७६. हिशेब चोख आहे म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. पण चूक माझीही आहे. दुसऱ्याचा हात लागला तर आकडा चुकेल, या धास्तीने मी कुणाला वही उघडूच दिली नाही. उद्या मी आजारी पडलो, तर गाडी घाटात अडकेल. आणि पुढे लिफ्ट बदलायच्या आहेत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, म्हणजे चढ मोठाच आहे.

हेल्पर घाटमाथ्यावर सुटतो. गाडीबरोबर मुक्कामाला जात नाही, पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतो. तरुण मंडळींनो, तुमच्यापैकी कुणीतरी पुढचं इंजिन व्हा. एक वर्ष मी मागे आहे. रविवारी सकाळी १० ते ११, माझ्या घरी, वह्या उघड्या असतील. चहा आमच्याकडून.

फक्त येताना शिट्टी, म्हणजे बेल, जरा जोरात वाजवा. हल्ली कमी ऐकू येतं.