हजेरीपत्रक कोणाच्या हाती?



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी शेवटच्या रांगेत बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा खिशातला फोन, घरातले बोलके यंत्र आणि भिंतीवरचा नवा मीटर यांच्याविषयी बोलताना यंत्रशास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला एकच वस्तू नीट कळते, ती म्हणजे हजेरीपत्रक. तिच्याच आधाराने आजचा विषय मांडतो.

प्रथमच सांगून टाकतो, आम्ही यंत्राचे वैरी नाही. फोनमुळे कापसाचा भाव घरबसल्या कळतो, पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा चेहरा दिसतो, मजुरी खात्यात पडली की नाही हे मुकादमाला विचारावे लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. तक्रार यंत्राविषयी नाही. यंत्र जी नोंद ठेवते तिच्याविषयी आहे.

कामगार चळवळीचा इतिहास हा पुष्कळसा नोंदीचा इतिहास आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि आठवड्याची एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या पुढे ठेवल्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. वरवर पाहता हा सुट्टीचा प्रश्न. मुळात प्रश्न असा होता की, मजुराच्या आयुष्यातला कोणता वेळ मालकाचा आणि कोणता त्याचा स्वतःचा? त्यानंतर हजेरीपत्रकावर भांडणे झाली. भरलेला दिवस अर्धा लिहिला, तर मजुराने ते पान उघडून दाखवा म्हणावे, इतका हक्क आमच्या आधीच्या पिढ्यांनी मिळवला. पत्रक मालकाचे असले, तरी ते टेबलावर असे, आणि फाटकाबाहेर त्याची सत्ता संपत असे.

आता ते पत्रक टेबलावरून उठले आहे. २०१८ च्या सुमारास आपल्याच विदर्भात, नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे, हे कार्यालयात बसून दिसावे, हा हेतू. चंदीगडमध्येही अशीच घड्याळे दिली गेली. तेथल्या स्त्री कामगारांचे म्हणणे असे की, शौचाला जातानाही कोणी पाहत असेल अशी धास्ती वाटते. घड्याळ बांधणाऱ्याला कामगार दिसतो. कामगाराला घड्याळात काय लिहिले जाते ते दिसत नाही. सगळे गाऱ्हाणे या एका वाक्यात आले.

आपण म्हणाल, हे नोकरदारांचे दुखणे. आम्ही दुकानदार, शेतकरी, गृहिणी, आमचा काय संबंध? तर घरात या. नवा स्मार्ट मीटर विजेचा वापर दिवसभर टिपतो आणि आपोआप वर कळवतो. तेवढ्या नोंदीवरून या घरातली माणसे केव्हा उठतात आणि घर केव्हा रिकामे असते, हे सांगता येते. बोलण्याला उत्तर देणारी यंत्रे आता शहरांतून गावाकडे येत आहेत. २०२३ साली अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीवर असा आरोप झाला की, तिने या यंत्रांतून लहान मुलांचे आवाज गरजेपेक्षा जास्त काळ साठवून ठेवले. ते प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीने अडीच कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. हजेरी आता स्वयंपाकघरातही लागते, आणि तिचे पत्रक आपल्या घरात नसते.

यावर ठरलेले उत्तर येते, की ज्याने काही वाईट केले नाही त्याला लपवायचे काय? हा प्रश्न आम्हीही एकदा हसण्यावारी नेला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ती हकीकत येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये हंगामी काम करणाऱ्या बायांची संघटना बांधत होतो. सोय म्हणून आम्हीच व्हॉट्सॲपवर गट काढला आणि सभासदांची नावे, नंबर आणि वर्गणीची यादी त्यात टाकली. यादी करताना एका वयस्क बाईंना विचारले, नाव टाकले तर चालेल ना? त्या म्हणाल्या, “टाका न भाऊ, आपल्यापाशी लपवासारखं हाय तरी काय?” गटात कोणकोण शिरले आहे ते आम्ही तपासले नाही. आठ दिवसांत यादी मालकाच्या टेबलावर होती. पुढच्या हंगामाला सहा बायांना बोलावणे आले नाही. त्या बाईंच्या दारात आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी आधी पाणी दिले आणि मग एवढेच म्हणाल्या, “नाव लपवाचं होतं न भाऊ.”

यंत्राने चोरी केली नव्हती. आम्हीच यादी वाऱ्यावर सोडली. त्या दिवसापासून आम्हाला कळले की, खाजगीपणा ही श्रीमंतांची हौस नसून गरिबाची ढाल आहे. ज्याची रोजी दुसऱ्याच्या हाती, त्यालाच तिची गरज जास्त.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम आले. अंमल टप्प्याटप्प्याने ठेवला आहे. आपली माहिती कोणती घेतली हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. परंतु त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे दाराला कुलूप लावले आणि एक किल्ली मालकाच्या खिशात राहू दिली. ही किल्ली परत मागणे हे आता संघटनांचे काम आहे.

तोवर आपल्या हाती काय? कोणतेही यंत्र घरात किंवा अंगावर घेताना तीन प्रश्न विचारा. नोंद कोण ठेवतो? ती आम्हाला दाखवाल काय? आणि ती पुसणार केव्हा? स्मार्ट मीटरचेच पाहा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत ग्राहकाला त्याच्या वापराची नोंद पाहायला मिळाली पाहिजे, असे आहे. मग ती पाहा, बिलाशी ताडून घ्या. एकट्याला उत्तर मिळत नाही, हे खरे. म्हणून एकत्र विचारा. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट निघालेले सरकारी मोबाईल एकजुटीने परत केले. हाती दिलेली वस्तू परत करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आमच्या संघटनेने पुन्हा कागदाची वही आणली आहे. सभासदांची यादी तीत आहे, आणि वही पाहणाऱ्याने शेवटच्या पानावर तारीख घालून सही करायची असते. पहिली सही आमची आहे. त्या सहा जणींपैकी चौघींना दोन हंगामांनी काम मिळाले. दोघी अजून रोजाने निंदणाला जातात. त्यांची नावे येथे सांगणार नाही.