घर विकायचंय? आधी इंडेक्स टू उघडा

 

आजचा विषय आहे घर विकणं. हो, विकणं. घर घेण्यावर आपल्या वयाची पोरं दिवसभर बोलतात. हिंजवडीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये बसा, शेजारच्या टेबलावर वाकड की पुनावळे, रेडी पझेशन की अंडर कन्स्ट्रक्शन हेच चाललेलं असतं. पण आपल्यापैकी अनेकांवर त्याआधी दुसरी वेळ येते. आई-बाबांचं जुनं घर विकायची. माझ्यावर ती २०२५ मध्ये आली. त्यात मी काय चुकलो आणि काय शिकलो, ते आज सांगतो.

आमचं घर कोथरूडमध्ये होतं, पौड रोडपासून आत. बाबांनी ते १९९६ मध्ये साडेचार लाखांना घेतलं. थोडं कर्ज, थोडा पीएफ, आणि आईच्या दोन बांगड्या. घर माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा लिफ्ट नसण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यात ते पंधरा दिवस खाली उतरलेच नाहीत. दूध, भाजी, औषधं, सगळं आई वर आणायची. आणि आई काही चाळिशीची नाही.

म्हणून ठरलं, विकायचं. माझा प्लॅन तयार होता. हे घर विकायचं, त्या पैशांचं डाउन पेमेंट करायचं, वर माझं होमलोन, आणि बालेवाडीत मोठा फ्लॅट घ्यायचा. माझ्या नावावर. आई-बाबा माझ्याजवळ राहतील. लिफ्ट, गार्डन, जेष्ठांचा कट्टा, सगळं. मी एक्सेल शीट बनवून बाबांना दाखवली. बाबा म्हणाले, "बरं." आई काहीच म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. त्यावर नंतर येतो.

पहिला प्रश्न, किंमत किती सांगायची? मी सगळ्यांसारखं प्रॉपर्टीच्या ॲपवर गेलो. आमच्या आसपासचे तसेच फ्लॅट पंच्याऐंशी, नव्वद लाखांना दिसत होते. मी खूश. आम्हीही पंच्याऐंशी टाकले. दोन महिन्यांत अकरा जण बघायला आले. दहा जण तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचले, पाणी प्यायले आणि "कळवतो" म्हणून गेले. अकराव्याने निदान खरं सांगितलं, "घर छान आहे हो, पण माझे आई-वडील वर कसे येणार?" त्याला काय उत्तर देणार! आम्हीही त्याच कारणासाठी विकत होतो.

मग डोकं ठिकाणावर आलं. ॲपवर दिसते ती मागितलेली किंमत. व्यवहार कितीला झाला, ते तिथे कळत नाही. ते कळतं नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर. आयजीआर महाराष्ट्र, तिथे ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, गाव टाकायचं. आणि हो, सरकारदरबारी कोथरूड अजून 'मौजे कोथरूड' आहे! मग सर्व्हे नंबर टाकला की झालेल्या दस्तांची इंडेक्स टू दिसते. मराठीत सूची क्रमांक दोन. त्यात मोबदला असतो, म्हणजे खरेदीखतात लिहिलेली रक्कम. बाजारभाव असतो, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत. क्षेत्रफळ असतं, तारीख असते.

एका रविवारी बसून मी आमच्या गल्लीतले सहा-सात व्यवहार काढले. आमच्यासारखे, लिफ्ट नसलेले फ्लॅट सत्तर ते पंचाहत्तर लाखांच्या दरम्यान गेले होते. त्यातही गंमत बघा. नव्या टॉवरमध्ये वर जाल तसा भाव वाढतो, फ्लोअर राइज म्हणून वेगळे पैसे घेतात. बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये उलटं. पहिला मजला महाग, तिसरा स्वस्त.

आणखी एक. आमच्या करारनाम्यात ६२० चौरस फूट लिहिलंय, पण ते बिल्ट-अप. आजचा गिऱ्हाईक रेराच्या जमान्यातला आहे. २०१७ मध्ये महारेरा सुरू झाल्यापासून नवीन प्रोजेक्टमध्ये कार्पेट एरियाच सांगावा लागतो, त्यामुळे तो जुन्या घरातही टेप घेऊन येतो. आमचं कार्पेट भरलं ४९८. शंभरहून जास्त फूट भिंतींत गेले. बाबांना ते फार लागलं. एकोणतीस वर्षं ते सगळ्यांना "सहाशे वीस" सांगत आले होते.

आता दुसरा प्रश्न. थांबायचं का? कारण आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी एक शब्द ऐकू येतो, रिडेव्हलपमेंट. शेजारचे काका म्हणाले, "अरे, वेडा आहेस का? वनाजला मेट्रो आली. एफएसआय वाढला. फुकटात नवीन फ्लॅट मिळेल, वर जादा एरिया. आत्ता कुठे विकतोस?"

काका सगळंच चूक म्हणत नव्हते. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, आणि स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत जादा एफएसआय मिळू शकतो. पण तो कागदावरचा. रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार यावर प्रत्यक्षात किती मिळेल ते ठरतं. आणि आमच्याकडे त्याच्याही आधीची अडचण होती. सोसायटीचं कन्व्हेयन्सच झालेलं नव्हतं. म्हणजे बिल्डिंग आमची, पण खालची जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या नावावर. पुण्यात अशा सोसायट्या खूप आहेत. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी, हे १९६३ च्या मोफा कायद्यातच आहे. तो करत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमच्या सोसायटीचा अर्ज अजून 'करू या' याच पायरीवर होता. त्यानंतर सभा, एक्कावन्न टक्के संमती, आर्किटेक्ट, टेंडर, बिल्डर, करार, घर रिकामं करणं, बांधकाम.

मी काकांना विचारलं, "काका, किती वर्षं?" ते म्हणाले, "पाच-सहा धर." बाबा बहात्तरचे आहेत. सहा वर्षांनी अठ्ठ्याहत्तर. तोवर रोज बावन्न पायऱ्या. शीटमध्ये या पायऱ्यांचा कॉलम मी ठेवलाच नव्हता. तुमचे आई-बाबा पन्नाशीत असतील आणि कन्व्हेयन्स झालेलं असेल, तर थांबणं शहाणपणाचं ठरू शकेल. आमचं गणित वेगळं होतं. किंमत खाली आणली आणि महिन्याभरात बहात्तर लाखांना गिऱ्हाईक मिळालं. तरुण जोडपं, दोघं रोज जिमला जाणारे. त्यांना जिना म्हणजे फुकटचा व्यायाम!

त्याआधी एकाने पंच्याहत्तर द्यायची तयारी दाखवली होती. पण त्यातले पंधरा रोख. मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू? तीन लाख जास्त येत होते. बाबा म्हणाले, "त्या पंधरा लाखांचं काय करायचं? गादीखाली ठेवायचे?" आणि खरंच, घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय पुढचं घर आम्हाला सगळं चेकने घ्यायचं होतं. रोखीचे पंधरा लाख तिथे कामाचेच नव्हते. नाही म्हणालो.

मग सोसायटी. गिऱ्हाइकाच्या बँकेला सोसायटीची एनओसी हवी होती. आमच्या कमिटीने सांगितलं, एक लाख डोनेशन द्या, मग सही. ज्यांच्याबरोबर बाबांनी पंचवीस वर्षं गणपती बसवला, तीच माणसं. नियम साधा आहे. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि हस्तांतरण फी पाचशे रुपये. डोनेशनच्या नावाखाली जास्त मागता येत नाही. मी भांडायच्या तयारीत होतो. बाबांनी शांतपणे उपविधींची प्रत काढली, त्या पानावर खूण करून सेक्रेटरींना दिली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा, मग ठरवा." दोन दिवसांत सही झाली. उपविधींची प्रत घरात ठेवा, एवढंच सांगतो.

आता येतो त्या भागाकडे ज्यासाठी हा एपिसोड केला. टॅक्स.

आम्ही सीएकडे गेलो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. व्हॅल्युअरने ती सहा लाख काढली. जुलै २०२४ च्या बजेटनंतर जुन्या घरांसाठी दोन पर्याय आहेत. एक, महागाई निर्देशांक लावून नफा काढा आणि वीस टक्के भरा. दोन, निर्देशांक न लावता साडेबारा टक्के भरा. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणजे सहा लाखांचे झाले साडेबावीस लाख. बहात्तरमधून ते वजा केले तर नफा साडेएकोणपन्नास, वीस टक्क्यांनी टॅक्स जवळजवळ दहा लाख. दुसऱ्या पर्यायात नफा सहासष्ट लाख, साडेबारा टक्क्यांनी सव्वाआठ लाख. सेस वेगळा. सगळे म्हणत होते निर्देशांक गेला, वाट लागली. आमच्या बाबतीत निर्देशांकाशिवायच कमी टॅक्स येत होता. म्हणून दोन्ही गणितं करून बघा.

सीए म्हणाले, "पण दुसरं घर घेताय ना? मग कलम ५४ प्रमाणे हा टॅक्सही वाचेल. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत राहतं घर घ्या. नवीन घर कुणाच्या नावावर घेताय?"

मी म्हणालो, "माझ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घर बाबांचं, नफा बाबांचा. सवलत हवी तर नवीन घरही बाबांच्या नावावर पाहिजे. तुमच्या नावावर घ्याल तर अडचणीत याल."

म्हणजे माझी शीट सव्वाआठ लाखांनी चुकली होती. घरी येताना मी रिक्षात पर्याय शोधत होतो. जॉइंट नाव, गिफ्ट डीड, काय काय. आई तीन महिन्यांत पहिल्यांदा या विषयावर बोलली. "तुझ्याकडे राहायला माझी ना नाही रे. पण आत्ताच्या घराच्या कागदावर माझं नाव नाही. नवीन घराच्याही कागदावर नसणार. मग माझं घर कुठलं?"

बांगड्या तिच्या गेल्या होत्या, नाव फक्त बाबांचं लागलं होतं. त्या काळी तशीच पद्धत होती, कुणी विचार केला नाही. २०२५ मध्ये मीही केला नव्हता.

बालेवाडी रद्द झाली. वारज्यात वन बीएचके घेतला, रिसेल, बासष्ट लाख. लिफ्ट आहे, खाली मेडिकल आहे, आणि कोथरूडची भाजीवाली रिक्षाने दहा मिनिटांवर. नाव दोघांचं, पैसे सगळे बाबांच्या खात्यातून. पुणे शहरात मुद्रांक शुल्क मेट्रोचा एक टक्का धरून सात टक्के, म्हणजे चार लाख चौतीस हजार. नोंदणी फी तीस हजार. एकूण सहासष्ट लाख चौसष्ट हजार. नफा सहासष्ट लाख. टॅक्स शून्य.

एजंट म्हणाला, "फक्त वहिनींच्या नावावर घ्या, बायकांना एक टक्का सूट आहे, बासष्ट हजार वाचतील." सूट खरी आहे, पण सगळे खरेदीदार महिला असतील तरच. एकट्या आईचं नाव लावलं तर बाबांच्या टॅक्सचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. म्हणून बासष्ट हजार सोडले.

आणि माझं घर? नाहीये. मी अजून वाकडला भाड्याने राहतो. नवीन शीट केलीय, पण त्यात आता आई-बाबांचे पैसे नाहीत. थोडं पोटात दुखलं, खोटं नाही सांगत.

तर मंडळी, घर विकताना आधी इंडेक्स टू बघा, कन्व्हेयन्स झालंय का विचारा, सीएकडे सौदा ठरायच्या आधी जा. पन्नास लाख किंवा त्यावर व्यवहार असेल तर गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापेल, तो रिटर्न भरून परत घ्या. आणि घरात जे कुणी गप्प बसलंय, त्याला विचारा.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आईचा फोटो काढला, अंगठा घेतला. कागद हातात आल्यावर तिने चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!