दोन घरांच्या मध्ये

एखाद्या गृहस्थाने "आम्ही घर बदलतोय" असं सांगितलं की आपण त्याचं अभिनंदन करतो, पेढे मागतो आणि नवं घर कितव्या मजल्यावर, पाणी किती वेळ येतं, एवढं विचारून मोकळे होतो. पण जुनं घर विकायला काढलेलं आहे आणि नवं अजून हाती आलेलं नाही, असे जे दोनचार महिने मध्ये जातात, त्यांत तो गृहस्थ दोन डगरींवर पाय ठेवून उभा असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याचा तोल सांभाळणारी गोष्ट एकच असते, आणि ती म्हणजे त्याचा पगार. तो पगारच मध्ये बंद पडला तर?

हा प्रश्न आमच्या घरात २०२३ साली पडला. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण त्या रात्री वर्गातलं अर्थशास्त्र फारसं उपयोगी पडलं नाही, हेही प्रथमच सांगून टाकतो.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका संगणक कंपनीत कामाला होता. धायरीला त्याचा लहानसा फ्लॅट होता. मुलं मोठी झाली, जागा अपुरी पडू लागली, म्हणून बाणेरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्याने मोठा फ्लॅट पसंत केला. किंमत १ कोटी ५ लाख. धायरीचा फ्लॅट ६२ लाखांना ठरला. घेणाऱ्या बाई एका रुग्णालयात परिचारिका. त्यांनी तीन लाख रुपये इसार दिला आणि खरेदीखत २१ ऑगस्टला करायचं ठरलं. धायरीच्या घरावरचं अठरा लाखांचं कर्ज फेडून ४४ लाख उरणार, बँकेने ६५ लाख मंजूर केलेले, आणि उरलेला खड्डा शिलकीतून भरायचा, असा सगळा हिशेब. हिशेब चोख होता. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीने महिना सुमारे ५६ हजारांचा हप्ता बसत होता, आणि त्याच्या पगारात तो मावत होता.

३ जुलैला बिल्डरने पाच लाख घेऊन वाटपपत्र दिलं. १४ जुलै, शुक्रवार, हा करारनामा नोंदवण्याचा दिवस. आणि मंगळवारी, ११ जुलैला, सकाळी साडेअकराच्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर एक बैठक झाली. वीस मिनिटांची. तिच्या शेवटी माझ्या भावाची चौदा वर्षांची नोकरी संपली होती. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून निरोप.

तो घरी बोलला नाही. बुधवारी आणि गुरुवारी डबा घेऊन वेळेवर बाहेर पडला आणि दिवसभर कात्रजच्या तळ्याकाठी बसून राहिला. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. पाणी प्यायला, आणि म्हणाला,

"दादा, उद्या सही करून टाकू का? महिन्या-दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेलच. पगाराच्या चिठ्ठ्या बँकेत आधीच गेल्यात. आता विचारतंय कोण?"

आमचे वडील माझ्याकडेच असतात. ते आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "राहतं घर विकू नकोस. बाकी काय करायचं ते कर."

वडील असं कां म्हणाले हे कळायला थोडं मागे जायला हवं. ते मुंबईला कापडगिरणीत होते. लालबागला चाळीत एक खोली. ती पागडीने देऊन डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक घ्यायचा, असं त्यांनी १९८१ साली ठरवलं, आणि डोंबिवलीला इसार देऊन ठेवला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा तीन वर्षांचा. भाऊ तर त्या संपाच्या काळातच जन्मला. संप दोन महिन्यांत मिटेल असं जो तो म्हणत होता. वडिलांनाही तसंच वाटलं, म्हणून त्यांनी आईच्या पाटल्या गहाण टाकून डोंबिवलीचे आणखी दोन हप्ते भरले. आईला पाटल्यांचं कळलं ते गौरीच्या सणाला. संप मिटलाच नाही, गिरणी पुन्हा धड चालली नाही, ब्लॉक गेला, इसार गेला, हप्ते गेले. खोली मात्र तोवर दिलेली नव्हती, म्हणून आम्ही रस्त्यावर आलो नाही.

"खोली विकली नाही म्हणून जगलो," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरंच आहे. पण त्या रात्री प्रथमच माझ्या लक्षात आलं की ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग वडील कधी सांगत नाहीत. आम्हांला बुडवलं ते संपाने जितकं, तितकंच त्या दोन हप्त्यांनी. पगार सुरू होईल ह्या भरवशावर, पगार नसताना, पुढच्या घरात पैसे ओतले गेले. आणि भाऊ दुसऱ्या दिवशी नेमकं तेच करायला निघाला होता.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. करारनाम्यावर सही करायची म्हणजे मुद्रांक शुल्क सात टक्के, ७ लाख ३५ हजार. ते सरकारजमा झालं की परत मिळवायला दारं झिजवावी लागतात. नोंदणी फी निराळी. शिवाय बिल्डरचे हप्ते पडत जाणार, त्यांवर पाच टक्के जीएसटी. आणि बँकेचं मंजुरीपत्र नीट वाचलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की नोकरीत काही बदल झाल्यास बँकेला कळवावं लागेल. बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज बँक एकदम देत नाही, बांधकाम वर चढेल तसं टप्प्याटप्प्याने देते. तिसऱ्या टप्प्याला बँकेने हात आखडला तर? बिल्डरशी करार झालेला, कर्ज बंद, आणि थकलेल्या रकमेवर व्याज चालू. नोकरी नसलेल्या माणसाच्या मानेवर कोटभर रुपयांचं बंधन.

उलट, सही केली नाही तर काय जातं? वाटपपत्र काढून पाहिलं. २०२२ साली महारेराने वाटपपत्राचा जो नमुना ठरवून दिला, त्याच धर्तीचं ते होतं. पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत रद्द केल्यास काहीही कापायचं नाही. पुढे दिवस जातील तशी कपात वाढते. त्या दिवशी १३ तारीख होती. म्हणजे भावाच्या हातात अजून दिवस होते, आणि तो ते तळ्याकाठी घालवत होता.

ह्या सगळ्या प्रकरणात मी काही शिकलो असेन तर ते हे. अशा वेळी आपण पैशांचा हिशेब करत बसतो, आणि प्रत्येक कागदावर छापलेली मुदत वाचत नाही. पैसा पुन्हा मिळवता येतो. १८ जुलै पुन्हा येत नाही.

राहता राहिला वडिलांचा शब्द. राहतं घर विकू नये. मी त्यांना विचारलं, "लालबागच्या खोलीचं भाडं किती होतं हो?" म्हणाले, "बावीस रुपये." मुंबईच्या १९४७ च्या भाडेकायद्याने ते गोठलेलं. बावीस रुपये मागणारं घर पोटाला चिमटा काढून धरून ठेवता येतं. धायरीचं घर महिन्याला चोवीस हजारांचा हप्ता मागत होतं, आणि भावजय खाजगी शाळेत शिकवून अठ्ठावीस हजार आणत होती. कर्ज नसतं तर मी वडिलांच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण कर्जाचं घर हे छप्पर खरं तितकंच ओझंही. ते विकलं तर हप्ता थांबतो आणि ४४ लाख हाती येतात. जवळपास एकोणीस हजारांत भाड्याचं घर मिळत होतं. शिवाय इसार घेऊन शब्द दिलेला होता, तो मोडायचा कशाला?

भावाला आणखी एक धास्ती होती. घर विकून लगेच दुसरं घेतलं नाही तर नफ्यावर कर बसेल, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. तसं नाही. विक्रीनंतर दोन वर्षांत घर विकत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तरी ती सवलत मिळते. मधल्या काळात, विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी, नफ्याची रक्कम बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. कायदाच दोन वर्षं देतो आहे, तर आपण दोन आठवड्यांची घाई कां करावी?

आता, कुणाला काय सांगायचं? हा भाग हिशेबाहून कठीण. बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती रडली नाही, "दोन दिवस डबा कुठे खाल्लास?" एवढंच विचारलं. बँकेला शनिवारी कळवलं. मंजुरी रद्द झाली, अर्जाची फी बुडाली, आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्याला चहा पाजला. बिल्डरला रद्द केल्याचं पत्र त्याच दिवशी हातोहात देऊन पोच घेतली. पाच लाख दीड महिन्याने आले. कंपनीचा आजारपणाचा विमाही नोकरीबरोबरच गेला होता, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं; भावजयीला सुचलं, आणि तो आधी उतरवला.

पण घर घेणाऱ्या बाईंना नोकरीचं सांगावं कां? भाऊ हळवा होऊन सांगायला निघाला होता, मी अडवलं. बँकेला सत्य कळवणं बंधनकारक होतं, बायकोचा त्यावर हक्कच होता. बाईंचा हक्क एवढाच की ठरल्या तारखेला, ठरल्या किमतीला घर मिळावं. तरी दलालाला वास लागलाच. (त्यांना कसा लागतो देव जाणे.) त्याचा फोन आला, दीड लाख कमी करा म्हणून. भाऊ डळमळला. दुसऱ्या दिवशी बाईंनीच फोन केला: "मला किमतीचं काही म्हणायचं नाही. माझ्या भाड्याच्या घराची मुदत संपतेय, एकवीस तारीख तेवढी चुकवू नका." त्यांचाही एक पाय दुसऱ्या डगरीवर होता, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

खरेदीखत २१ ऑगस्टला झालं. रक्कम पन्नास लाखांवर असल्याने बाईंनी एक टक्का कर कापून भरला. तो पुढे विवरणपत्रात वळता झाला. भावाचं बिऱ्हाड मागच्याच गल्लीत भाड्याने गेलं, मुलांची शाळा बदलली नाही. त्रास झाला तो शेजाऱ्यांच्या प्रश्नांचा. "बाणेरला जाणार होतात ना?" पेढे वाटून झाले होते! सात महिने तो हे ऐकत भाजी आणायला जात होता. सात महिन्यांनी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची.

जून २०२५ मध्ये, दोन वर्षांची मुदत संपायला दोन महिने असताना, त्याने धायरीलाच ७१ लाखांचा, तयार असलेला फ्लॅट घेतला. बायकोच्या नावाने, कारण स्त्रियांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. कर्ज २७ लाख. वास्तुशांतीला वडील आले. खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि भावाला जवळ बोलावलं.

"हप्ता किती?"

"साडेबावीस हजार, नाना."

"सूनबाईच्या एकटीच्या पगारात बसतो का?"

"बसतो."

"मग पेढे आण," वडील म्हणाले.