बांध सरकारचा, पाणी आमच्या वावरात

(जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी एका भावानं विचारलं, कापसाच्या भावाचं सोडून हे बांगलादेशाचं काय काढलं? भावावर दुपारी बोलूच. पण नाल्यावरच्या बंधाऱ्यापायी ज्यांची पऱ्हाटी पाण्यात उभी राहून जागेवर सुकली, ते इथेच बसलेत. ही गोष्ट त्यांच्या कामाची आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना समुद्राला मिळायच्या आधी शेकडो फाट्यांनी पसरतात. तिथली जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम वर. दिवसातून दोनदा भरती येते. खारं पाणी नदीतून उलटं वर चढतं आणि ओहोटीला उतरतं. आपल्याला नदी एकाच दिशेनं वाहते एवढंच ठाऊक! खुलना, जेसोर, सातखीरा या भागातले शेतकरी यात धान कसं पिकवत? बुटके, मातीचे बांध घालून. त्यांना नावच होतं अष्टमासी बांध. आठ महिने खारं पाणी अडवायचं, उरलेले दिवस बांध उघडून गाळाचं पाणी वावरात घ्यायचं. गाळ बसला की जमीन बोटभर वर. भूमी खचते ती अशी भरून निघायची.

१९६० नंतर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तान सरकारनं परदेशी मदतीनं कायमचे बांध घातले. सुमारे १२ लाख हेक्टर जमीन, चारी बाजूंनी बांध घातलेले १३९ तुकडे. डच लोक अशा तुकड्याला पोल्डर म्हणतात, तेच नाव इथे आलं. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात झडपांची दारं बसवली. खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं धान चांगलं आलं.

मग गाळाचं काय झालं? भरतीबरोबर गाळ तर येतच होता. वावराचं दार बंद झालं, म्हणून तो नदीतच बसला. आधी भरतीचं पाणी खोलगट रानात पसरायचं आणि ओहोटीला जोरानं परतताना नदी खरवडून न्यायचं. तो जोरच गेला. नदीचा तळ वर, आतलं वावर खाली. दारांपुढे गाळाचे ढीग. पाऊस पडला की पाणी आत कोंडायचं, ते वर्ष-वर्ष हटायचं नाही. पुरापासून वाचवायला बांधलेला बांधच पूर धरून बसला.

यात हसण्यासारखं काही नाही. मी शेतकीची पदवी घेऊन नोकरीत होतो तेव्हा पाणलोटाच्या कामावर काळ्या रानात बांध घालून घेतले. नकाशा बरोबर होता, मापं बरोबर होती. एका म्हाताऱ्या बाबानं विचारलं, साहेब, सांडवा कुठं? मी म्हणालो, अंदाजपत्रकात नाही. त्या भाद्रपदात त्यानं रात्री उठून कुदळीनं बांध फोडला. मी त्याच्यावर अहवाल लिहिला. चिकण काळी माती पाणी लवकर पीत नाही, हे मला परीक्षेत येत होतं. ज्वारी त्याची पिवळी पडत होती.

तिथल्या शेतकऱ्यांनीही तेच केलं. डाकातिया नावाचं मोठं खोलगट रान आहे. तिथे लोकांनी १९९० मध्ये बांध फोडला. १९९७ च्या ऑक्टोबरात भायना नावाच्या रानात, हरी नदीच्या काठी, पुन्हा फोडला. चार वर्षं भरती आत-बाहेर होऊ दिली. तोंडाजवळची जमीन मीटरभराहून जास्त वर आली, नदी खोल झाली, आजूबाजूचं पाणी निघू लागलं. ज्या कामाला आधी गुन्हा म्हटलं, तेच मग सरकारनं इंग्रजी नाव देऊन योजनेत घेतलं.

आता नीट ऐका, खरी गोम पुढे आहे. एक रान भरतीला उघडं ठेवायचं म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचं पीक तीन-चार वर्षं बुडणार. फायदा दहा गावांचा, नांगर त्याचा थांबणार. पूर्व खुकशिया या रानात २००६ ला काम सुरू झालं, ठरल्यापेक्षा किती तरी लांबलं. भरपाई कागदांत अडकली. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो बटईनं करतो, त्याला तर काय मिळणार? हे पाहून शेजारच्या कपालिया रानातल्या लोकांनी २०१२ मध्ये ठाम विरोध केला. हाणामारी झाली, काम बंद पडलं. त्यांना गाळाचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. त्यांना वायद्याची किंमत कळली होती.

कुणी म्हणेल, मग बांध नकोतच. असं मी म्हणत नाही. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांवर माणसं गेली. पुढे उंच पक्क्या निवाऱ्यांची आणि वेळेवर इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा २००७ च्या सिद्र वादळात मेलेल्यांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. तोही लहान नाही, पण फरक बघा. सार्वजनिक काम हवंच. मात्र २००९ च्या आयला वादळात फुटलेले काही बांध दोन वर्षं कुणी बांधले नाहीत आणि माणसं बांधावरच झोपड्या घालून राहिली. बांध घालायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. तिथेही, इथेही.

तर आपल्या तालुक्यात बंधारा आणि नाला खोलीकरणाची जी कामं येतील, त्यांच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायचे. सांडवा कुठं? दरसाल गाळ कोण काढणार आणि कुठल्या पैशानं? पाणी थांबून ज्याचं वावर जाईल त्याची भरपाई किती, आणि ती काम सुरू व्हायच्या आधी की नंतर? उत्तर ठरावात लिहून घ्यायचं. बटईवाल्याचं नावही त्यात घालायचं.

ज्यांची पऱ्हाटी बुडाली त्यांनी गट नंबर आणि पाणी किती दिवस थांबलं ते लिहून जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्यावं. लिहिता येत नसेल तर शेजारी बसलेल्या पोराकडून लिहून घ्या.