रद्दीतला वेताळ

 

आमचा गट बारा जणींचा. धंदा रद्दीचा. लोणची-पापडाचे गट आमच्या गावात आधीच तीन, म्हणून आम्ही रद्दी धरली. घरोघर जायचं, दहा रुपये किलोने कागद घ्यायचा, निवडायचा, गठ्ठे बांधायचे आणि तालुक्याच्या घाऊक रद्दीवाल्याला चौदाने घालायचा. हात काळे होतात, पण पैसा उधारीत अडकत नाही. आज सांगणार आहोत ती गोष्ट ह्याच रद्दीतली. त्यात आम्हाला एकदा घबाड लागलं आणि लगेच एकदा आम्ही बुडालो.

दिवाळीच्या आधीची साफसफाई. आमच्या गावात एक जुना वाडा आहे, तिथे एक आजी एकट्या असतात. त्यांनी निरोप धाडला, माळ्यावरची ट्रंक उतरवून न्या. दोघी गेल्या, काटा लावला, शेहेचाळीस किलो भरलं. चारशे साठ रुपये आजींच्या हातावर ठेवले. काटा चोख होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरूनच वाद झाला.

निवडायला बसलो तर पंचांगं, वह्या, चांदोबाचे अंक आणि तळाशी पातळ रंगीत पुस्तकं. आमच्यातल्या एका काकूंची लेक कॉलेजला आहे. ती म्हणाली, "मावशी, थांबा, हे इंद्रजाल कॉमिक्स आहे. हे फाडू नका."

ज्यांचं लहानपण साठ-सत्तर सालातलं आहे त्यांना हे नाव आठवेल. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. सुरुवातीला किंमत साठ पैसे. मराठीतही निघायचं. त्यात परदेशी चित्रकथा असायच्या. जंगलात राहणारा, तोंडावर बुरखा घातलेला तो फँटम, त्याला मराठीत वेताळ म्हणायचे. जादूगार मँड्रेक होता. आणि १९७६ पासून आपल्याच मातीतला बहादूर आला, तो आबिद सुरती यांनी निर्माण केला. १९९० साली हे सगळं बंद पडलं. तोवर गावोगावच्या एसटी स्टँडवर मिळायचं, पोरं एकमेकांत अदलाबदल करायची, आणि शाळा सुटली की घरातल्या बायका चुलीत नाहीतर रद्दीत घालायच्या. आपणच घालायचो, दुसऱ्या कुणाला दोष द्यायचा!

ट्रंकेत असे एक्केचाळीस अंक निघाले. त्या पोरीने फोटो काढून कुठे कुठे पाठवले. आठवड्याभरात पुण्याहून एक संग्राहक मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा गृहस्थ, पाठीला सॅक. चहा घ्या म्हटलं तर आधी साबणाने हात धुऊन आला, पुसले आणि मगच अंकांना हात लावला. तेव्हाच आम्हाला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे.

त्याचं बघणं बघण्यासारखं होतं. प्रत्येक अंक आधी उघडायचा तो बरोब्बर मध्यावर. आम्ही विचारलं, असं का? तो म्हणाला, ही पुस्तकं मधोमध दोन पिना मारून बांधलेली असतात. पिना गंजल्या की सगळ्यात मधला कागद आधी सुटतो. तो एक कागद गेला की चार पानं गेली आणि गोष्टीचा गाभाच गेला. मग तो पानं मोजायचा. कोपरे बघायचा. कसर लागली आहे का, चिकटपट्टी लावली आहे का, कोड्यात कुणी पेन्सिल चालवली आहे का, कूपन कापलं आहे का. शेवटी वास घ्यायचा. ओल लागलेला कागद वासावरून कळतो म्हणे, आपल्याला जुनी डाळ कळते तसा.

अडतीस अंक त्याने तीनशे रुपयांना एक असे घेतले. अकरा हजार चारशे रुपये रोख. तीन अंक बाजूला ठेवले, "ह्यांच्यावर पेनाने नाव लिहिलंय, मला नकोत." चांदोबाचे अंकही त्याने घेतले नाहीत, ते अंगणवाडीताई घेऊन गेल्या.

चहा पिताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही अमेरिकेतल्या, पण आपल्या वाटाव्यात अशा.

तिकडे १९३८ साली सुपरमॅनची पहिली गोष्ट एका कॉमिक्समध्ये आली, किंमत दहा सेंट. आज त्याच्या हातावर मोजण्याइतक्या चांगल्या प्रती उरल्या आहेत. २०१३ साली मिनेसोटा नावाच्या राज्यात एका माणसाने दहा हजार शंभर डॉलरला एक पडकं घर घेतलं. भिंत फोडली तर आत थंडीसाठी जुने कागद कोंबलेले, आणि त्यातच ते पुस्तक. घरात आनंदीआनंद. बायकोची मावशी बघायला आली, तिने उचललं, त्याने हिसकावलं, आणि मागचं पान टरकन फाटलं. तरीसुद्धा ते पावणेदोन लाख डॉलरला विकलं गेलं. फाटलं नसतं तर कितीतरी जास्त आले असते. आमच्या काकू म्हणाल्या, "मावशी कुणाकडची का असेना, नाव तिचंच खराब व्हायचं."

दुसरी गोष्ट उलटी. १९९२ साली त्याच सुपरमॅनला गोष्टीत मारायचं ठरलं. तो अंक काळ्या पिशवीत बंद करून आला, आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा. लोकांना वाटलं, पुढे ह्याचं सोनं होणार. एकेकाने पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न उघडता कपाटात ठेवल्या. लाखांनी प्रती खपल्या. आज त्या कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांनीच जपून ठेवल्या. १९३८ चा अंक महाग झाला तो बाकीच्यांनी फेकून दिला म्हणून. हे आम्हाला पटकन कळलं. कांद्याला एक वर्ष भाव मिळतो, पुढच्या वर्षी अख्खा तालुका कांदा लावतो, आणि मग ढीग रस्त्यावर.

कळलं खरं. पण अकरा हजार चारशे हातात आले की माणसाचं डोकं थाऱ्यावर राहत नाही. आम्ही म्हटलं, रद्दी कशाला उचलायची, हेच करू. पुण्याला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. एका रविवारी तिघी गेलो. एका विक्रेत्याकडे प्लास्टिकमध्ये बांधलेला गठ्ठा दिसला. साठ अंक, वरचे दोन-तीन अगदी कोरे, वर वेताळ. तो म्हणाला दहा हजार, आम्ही म्हटलं सात, आठ हजारांवर तुटलं. उघडून बघतो म्हटलं तर म्हणाला, "ताई, सुटला की गठ्ठ्याची किंमत जाते, मागे दोन गिऱ्हाईकं उभी आहेत." मागे खरंच दोघं उभे होते. ते त्याचेच होते का, देव जाणे.

हा खर्च करायला गटाचा ठराव झालेला नव्हता. आपण सगळ्या पंचसूत्री तोंडपाठ म्हणतो, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. आम्ही दुसऱ्या गटांना शिकवतो. आणि आठ हजार रुपये तिघींनी तिथल्या तिथे काढून दिले. हे रेडिओवर सांगायला जड जातं आहे, पण न सांगता पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

घरी येऊन गठ्ठा सोडला. बावीस अंक हिंदी निघाले. बाहेरून दोन्हीची लिपी एकच, नाव एकच, घाईत कुणाला कळतं? पण मराठी अंक शोधणाऱ्याला हिंदी नको असतो. चोवीस अंक अमर चित्र कथेचे. ही मालिका अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली, चांगली पुस्तकं, पण तीच तीच पुस्तकं त्याच मुखपृष्ठासह पुन्हा पुन्हा छापली जातात. आमच्या हातात आली ती सगळी अलीकडची. उरले चौदा मराठी इंद्रजाल. त्यातल्या नऊ जणांचा मधला कागद गायब, आणि पाच पुरे, पण त्यांच्या पाठीला चिकटपट्टी.

संग्राहकाला फोन केला. त्याने ते पाच दीडशेने घेतले आणि हिंदी सगळे मिळून चारशेला. साडेअकराशे. म्हणजे सहा हजार आठशे पन्नास रुपये पाण्यात.

तेव्हा तो आम्हाला काय बोलला ते सांगतो, तुमच्या कामाला येईल. पुस्तक जुनं आहे की पुन्हा छापलेलं, हे मुखपृष्ठावर बघू नये, आत प्रकाशकाचा पत्ता आणि किंमत बघावी. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती प्रत त्याआधीची असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. वेबसाइटचा पत्ता किंवा काळ्या रेघांचा बारकोड असेल तर विषयच संपला. आणि बांधलेला गठ्ठा न सोडता घ्यायचा नाही. साडी आपण पदर उलगडल्याशिवाय घेतो का?

घरात असे अंक असतील तर उन्हात टाकू नका, रंग उडतो. फाटलं तरी चिकटपट्टी नको, काही वर्षांनी तिचा पिवळा डाग पडतो. कोरड्या डब्यात आडवे ठेवा, जमिनीला टेकवू नका, वाळवी खालून येते. आणि विकायच्या आधी दोन ठिकाणी विचारा. तीनशे हा आम्हाला त्याने सांगितलेला भाव. तो आमच्याशी नीट वागला असं आम्ही समजतो, पण दुसरीकडे चौकशी आम्ही केली नव्हती.

महिन्याच्या बैठकीत भांडण झालं. व्हायलाच हवं होतं. आठ हजारांवरून सुरू झालं आणि एक वयस्कर मावशी, ज्या एरवी सही करून गप्प बसतात, त्या म्हणाल्या, "त्या माणसाने आपल्याला गठ्ठा न उघडता विकला म्हणून तुम्ही त्याला चोर म्हणता. मग आपण त्या आजीला चारशे साठ दिले, ते काय होतं?"

कुणी म्हणालं, काटा चोख होता, भाव ठरलेला होता, आपल्याला तरी तेव्हा कुठे माहीत होतं. हे खरं आहे. कुणी म्हणालं, पण नंतर तर माहीत झालं ना, तेव्हा का नाही गेलो? हेही खरं. दोन तास झाले, लाईट गेली, आली, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की नफ्यातला निम्मा आजींचा. अकरा हजार चारशेतून चारशे साठ वजा, राहिले दहा हजार नऊशे चाळीस. त्याचे निम्मे पाच हजार चारशे सत्तर. डब्यात होते चार हजार नव्वद. कमी पडले तेराशे ऐंशी. बारा जणींनी एकशे पंधरा रुपये प्रत्येकी घातले. ज्या बाजाराला गेल्याच नव्हत्या त्यांनीही घातले, त्यावर आम्ही तिघी मान खाली घालून बसलो होतो. ठराव लिहिला आणि त्याच पानावर पुढचा नियमही लिहिला. रद्दीत असं काही निघालं तर आधी त्या घराला सांगायचं, त्यांना ठेवायचं असेल तर परत, आपल्यातर्फे विकायचं असेल तर निम्मे-निम्मे. तेव्हापासून दोन घरांनी परत ठेवून घेतलं. धंदा म्हणून बघितलं तर आमचं नुकसान, पण रद्दी मात्र आता शेजारच्या वाडीवरूनही बोलावून देतात.

पैसे घेऊन वाड्यावर गेलो. आजींनी मोजले नाहीत, देवासमोर ठेवले. मग म्हणाल्या, "त्यातल्या एकावर माझ्या धाकट्याचं नाव होतं, शाईने लिहिलेलं. ते गेलं का ग?"

धाकटा कॉलेजात असताना गेला, हे गावाला ठाऊक आहे. आम्हाला त्या क्षणी सुचलं नाही काही.

संग्राहकाने बाजूला ठेवलेले ते तीन अंक. दोन आम्ही रद्दीत घातले होते, ते कधीच लगद्यात गेले असतील. तिसरा आमच्यातल्या एका ताईंचा नातू वाचायला घेऊन गेला होता. ती तशीच उठून घरी गेली, आम्ही ओसरीवर बसून राहिलो. आली तेव्हा अंक हातात होता. मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं, आतल्या पानावर निळ्या शाईत नाव, इयत्ता सहावी, तुकडी ब.

आजींनी नावावरून बोट फिरवलं. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून आम्हाला वाचायला सांगितलं. आम्ही पहिल्यापासून वाचायला लागलो. चार पानं झाली, वेताळाची कवटीची गुहा आली, तशा आजी म्हणाल्या, "हा कसला वेताळ? ह्याला झाडसुद्धा नाही."

आणि म्हणाल्या, पुढे वाचा.